गोठ्यापासून स्लाइडपर्यंत : अँथ्रॅक्सच्या निदानाविषयी

आळेफाट्याहून अहिल्यानगरकडे निघालेला रस्ता बेल्हे ओलांडतो, गुळुंचवाडीच्या नैसर्गिक शिळापुलाजवळून आणे घाट चढतो आणि पठारावर पोचतो. जुन्नर तालुका म्हटले की धरणे, कालवे, ऊस आणि नारायणगावचा टोमॅटो डोळ्यांपुढे येतो. आणे, पेमदरा, नळवणे, शिंदेवाडी ही गावे त्या चित्रात बसत नाहीत. कालव्याचे पाणी इथवर चढत नाही. शेती पावसावर, आणि अडीनडीला आधार शेरडा-करडांचा. घाटाखाली बेल्ह्याचा जनावरांचा बाजार, पठारावरून येणारे-जाणारे मेंढपाळांचे वाडे, घराच्या पडवीतच बांधलेली शेळी: माणूस आणि जनावर इथे एकाच छपराखाली राहतात. अशा घरातली शेळी संध्याकाळी चरून आली आणि सकाळी मेलेली सापडली, तर तिचे काय करायचे हा प्रश्न आधी पैशाचा असतो. पुरली तर सगळेच मातीत जाते. म्हणून कुणी कातडे सोडवून घेतो, कुणी मटणाचे वाटे घालतो. त्यात अडाणीपणा शोधू नये, तो हिशेब आहे. अँथ्रॅक्स माणसाकडे येतो तो याच हिशेबाच्या वाटेने.

आण्याचे नाव मी साथीच्या एखाद्या बातमीमुळे घेतलेले नाही. ज्या वाचकांसाठी अँथ्रॅक्सच्या निदानावरचे हे पुस्तक लिहिले गेले, ते अशाच ठिकाणी काम करतात म्हणून घेतले आहे: प्राथमिक आरोग्य केंद्रातला मेडिकल ऑफिसर, आळेफाटा किंवा मंचरच्या छोट्या लॅबमधला टेक्निशियन, जनावरांच्या दवाखान्यातला पशुधन पर्यवेक्षक. वैद्यकीय महाविद्यालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकात अँथ्रॅक्सला चार-सहा पाने मिळतात. परीक्षेपुरती ती वाचली जातात आणि पुढे वीस वर्षे उघडली जात नाहीत. रुग्ण समोर येतो तेव्हा आठवते ते 2001 मध्ये अमेरिकेत टपालातून आलेल्या अँथ्रॅक्सच्या पावडरच्या पाकिटांचे वृत्त. पाकिटातून आलेला रोग अपवाद होता. गोठ्यातून येणारा नियम आहे.

रोगाचा जंतू बॅसिलस अँथ्रॅसिस. तो मुळात गवत खाणाऱ्या जनावरांचा. जनावरांत आपल्याकडे त्याला फाशी म्हणतात, माणसाच्या कातडीवरच्या फोडाला काळपुळी. जनावर मरते तेव्हा नाकातोंडातून, गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त येते, आणि शरीर नेहमीसारखे ताठरत नाही. त्या रक्तात जंतूंची संख्या अफाट असते. रक्ताला हवा लागली की जंतू बीजाणू धरतो, आणि बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतो. स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर 1942 मध्ये ब्रिटिशांनी मेंढ्यांवर अँथ्रॅक्सचे प्रयोग केले. ते बेट निर्धोक म्हणून जाहीर व्हायला 1990 उजाडले, तेही माती फॉर्मल्डिहाइडने धुतल्यावर. चुनखडीचा अंश असलेली, किंचित अल्कधर्मी माती बीजाणूंना मानवते, आणि दख्खनच्या काळ्या जमिनी बहुधा तशाच आहेत. दुष्काळात जनावर गवत अगदी मुळाशी कुरतडते, पाठोपाठ जोराचा पाऊस माती वर-खाली करतो. फाशीच्या बातम्या बऱ्याचदा अशा वर्षांत येतात. मेलेले जनावर फाडू नये हा नियम म्हणूनच आहे. कातडी न सोलता, कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचेवर घ्यावे आणि जनावर चुना टाकून खोल पुरावे किंवा जाळावे.

भारतात माणसांतला अँथ्रॅक्स सर्वाधिक नोंदला गेला तो पूर्व आणि दक्षिण भागांत. ओडिशातल्या कोरापुटमध्ये तो पुनःपुन्हा दिसतो. आंध्र प्रदेश, कर्नाटक, तमिळनाडू, पश्चिम बंगाल, झारखंड इथूनही नोंदी आहेत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे हे रुग्ण चिकाटीने नोंदवले. मेंदूच्या आवरणापर्यंत पोचलेल्या, बहुधा दगावलेल्या रुग्णांचेही त्यांत वर्णन आहे. जिथे शोधणारी लॅब असते तिथे रोग सापडतो, हे वेल्लोरकडे पाहून मला नेहमी जाणवते. महाराष्ट्रात तो क्वचित नोंदला जातो. त्या क्वचितपणात रोगाच्या विरळपणाचा वाटा किती आणि न पाहण्याचा किती, हे आपण ठरवायला हवे, आणि ते ठरवण्याचे साधन निदान हेच आहे.

दहापैकी नऊहून अधिक रुग्णांत हा रोग कातडीवरच येतो. हातावर, मानेवर, चेहऱ्यावर एक खाजरी पुळी. दिवसा-दोन दिवसांत तिच्याभोवती पाण्याचे फोड, मग मधोमध खोलगट जखम आणि तिच्यावर काळी खपली. भोवतालची सूज मोठी असते, पण फोड दुखत नाही. डॉक्टरने इथे थांबायला हवे. मधुमेह्याच्या पाठीवर उठणारे मोठे गळूही आपल्याकडे काळपुळीच म्हणवते, पण ते ठणकते आणि पू धरते. स्क्रब टायफसमध्येही काळी खपली येते, आणि तो ताप सह्याद्रीच्या डोंगरपट्ट्यात आता ओळखीचा झाला आहे. मेंढ्यांच्या तोंडावरच्या ऑर्फ या विषाणूचा फोड मेंढपाळाच्या बोटावर उठतो आणि तोही फसवतो. ही गल्लत खेड्यातच होते असे नाही. 2001 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सात महिन्यांच्या एका बाळाच्या दंडावरची जखम आधी कोळी चावल्याची समजली गेली. उत्तम रुग्णालय होते, तज्ज्ञ होते. पण त्या शहरात अँथ्रॅक्सचा विचार कुणाच्या मनात असण्याचे कारणच नव्हते.

विचार मनात असणे ही या निदानाची पहिली पायरी, आणि ती कुठल्याच यंत्राच्या हातात नाही. 'घरात, शेजारी, वाड्यावर जनावर मेले का? मटण कुणी खाल्ले? कातडे कुणी सोडवले?' हे तीन प्रश्न केसपेपरवर लिहिलेले नसले, तर पुढची सगळी यंत्रणा आंधळी राहते. माणसांचा डॉक्टर हे प्रश्न विचारत नाही, कारण जनावर त्याच्या खात्याचे नाही. पशुवैद्य रुग्ण पाहत नाही, कारण माणूस त्याच्या खात्याचा नाही.

ही भिंत मुळात नव्हती. या शास्त्राचा जन्मच तिच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून झाला. पोलेंडर आणि दाव्हेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फाशीने मेलेल्या जनावरांच्या रक्तात काड्यांसारखे जंतू पाहिले होते. पण ते रोगाचे कारण की परिणाम, यावर वाद होता. तो मिटवला प्रशियातल्या वोल्स्टाइन या लहान गावच्या एका सरकारी डॉक्टरने. रॉबर्ट कॉख दिवसभर रुग्ण पाहायचा आणि उरल्या वेळात सूक्ष्मदर्शकाशी बसायचा. लाकडाच्या बारीक काटकीने त्याने उंदरांना रोग दिला, बैलाच्या डोळ्यातल्या द्रवात जंतू वाढवले, काड्यांचे लांब धागे होताना आणि त्यांत बीजाणू धरताना पाहिले. 1876 मध्ये ब्रेस्लाउला फर्डिनांड कोनपुढे त्याने हे सगळे मांडले. एका ठरावीक जंतूने एक ठरावीक रोग होतो हे पहिल्यांदा निर्विवाद सिद्ध झाले ते अँथ्रॅक्सवर. विद्यापीठाचा आधार नसलेल्या तालुक्याच्या डॉक्टरने ते केले, ही गोष्ट या पुस्तकाच्या वाचकांनी लक्षात ठेवावी.

त्यानंतर तेरा वर्षांनी, 9 डिसेंबर 1889 रोजी, पुण्यात कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे प्रमुख झाले आणि काम जनावरांच्या साथींवरचे होते. संस्था 1893 मध्ये कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली, 1897 मध्ये कॉख स्वतः तिथे येऊन गेले, आणि आजची इज्जतनगरची भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्था हाच तिचा वारसा आहे. सुरुवात पुण्यातली हे पुणेकरांनाही फारसे ठाऊक नसते. त्या काळात अँथ्रॅक्स व्यापाराबरोबरही फिरत होता. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या गिरण्यांत लोकर निवडणारे कामगार छातीच्या आजाराने पटापट मरत, आणि 1879 मध्ये डॉ. जॉन बेल यांनी तो अँथ्रॅक्स असल्याचे दाखवले. पुढे 1919 च्या कायद्यानंतर ब्रिटनने बाहेरून येणाऱ्या काही मालाचे निर्जंतुकीकरण सक्तीचे केले, आणि त्या यादीत हिंदुस्थानातून जाणारे शेळ्यांचे केसही होते.

निदानाच्या पद्धतींचा इतिहास म्हणजे पाहण्यावर भर देणाऱ्यांची, वाढवण्यावर भर देणाऱ्यांची आणि खुणा शोधणाऱ्यांची एक लांबलेली चर्चा आहे. पाहणाऱ्यांत मला सर्वाधिक आदर वाटतो तो जॉन मॅकफेडियन या स्कॉटिश पशुवैद्याबद्दल. 1903 मध्ये त्यांनी दाखवले की पॉलिक्रोम मेथिलीन ब्लूने रंगवलेल्या स्मिअरवर निळे जंतू आणि त्यांच्याभोवती गुलाबी कवचाचे कण दिसले तर तो अँथ्रॅक्स. साधा सूक्ष्मदर्शक, एक काच, एक रंग आणि काही मिनिटे. सव्वाशे वर्षांनंतरही ताज्या रक्तावर इतकी स्वस्त आणि इतकी भरवशाची दुसरी तपासणी क्वचितच सापडेल. अडचण रंगाची आहे. मेथिलीन ब्लूचे द्रावण महिनोनमहिने, पुष्कळदा वर्षभर, बाटलीत पिकावे लागते, तेव्हा त्यात अझूर बी हे द्रव्य तयार होते आणि गुलाबी छटा त्याच्यामुळे उमटते. बाजारात मिळणाऱ्या बाटल्यांवर विसंबता येत नाही. म्हणून शुद्ध अझूर बी वापरण्याची शिफारस आता होते. या पुस्तकात त्यावर सविस्तर लिहिले आहे याचा मला विशेष आनंद आहे, कारण तालुक्याच्या लॅबला परवडेल असे हेच एक शस्त्र आहे.

ग्रॅम रंगाने हा जंतू जांभळा दिसतो, आकाराने मोठा, टोके चौकोनी, आणि साखळीत बांबूच्या पेरांसारखा. रुग्णाच्या शरीरातून थेट घेतलेल्या नमुन्यात बीजाणू दिसत नाहीत, ते कल्चरमध्ये दिसतात. 2 ऑक्टोबर 2001 रोजी फ्लोरिडात एक रुग्ण ताप आणि भ्रम घेऊन दाखल झाला. डॉ. लॅरी बुश यांनी त्याच्या पाठीच्या मणक्यातल्या पाण्याची ग्रॅम स्लाइड स्वतः पाहिली आणि मोठ्या जांभळ्या काड्या बघून अँथ्रॅक्सची शंका घेतली. दोन दिवसांत निदान पक्के झाले. रुग्ण वाचला नाही, पण त्या एका स्लाइडमुळे सगळ्या देशाला कळले की काहीतरी भयंकर घडते आहे. एकूण 22 जणांना रोग झाला आणि 5 जण दगावले. स्लाइड पाहिली गेली नसती तर आकडे कुठवर गेले असते, याचा विचार करवत नाही.

कल्चर करणाऱ्यांचा पक्ष निर्णायक पुरावा मागतो, आणि तो मागणे रास्त आहे. मेंढीच्या रक्ताच्या अगारवर हा जंतू एका रात्रीत वाढतो. वसाहत चपटी, करडी, कडा वेड्यावाकड्या, भोवतालचे रक्त न विरघळलेले, आणि तारेने उचलली तर चिकट होऊन उभी राहणारी. जंतू हालचाल करत नाही, गॅमा फाज या विषाणूने फुटतो, आणि बहुतेक वेळा पेनिसिलिनला बळी पडतो. मोठा अपघात होतो तो इथेच, आणि होतो अगदी शांतपणे. मातीत, धुळीत, कातडीवर बॅसिलस जातीचे निरुपद्रवी जंतू सगळीकडे असतात. बॅसिलस सीरियस तर याचा सख्खा भाऊ. त्यामुळे रक्ताच्या कल्चरमध्ये अशा काड्या वाढल्या की दमलेला टेक्निशियन 'कंटॅमिनंट' असे लिहितो आणि बाटली फेकली जाते. शंभरातल्या नव्याण्णव वेळा त्याचे बरोबर असते. शंभराव्या वेळी केसपेपरवरचा मेलेल्या शेळीचा उल्लेखच त्याला सावध करू शकतो. नव्या ओळख-यंत्रांचाही इथे भरवसा नाही. प्रथिनांच्या ठशावरून जंतू ओळखणारे मॅल्डी-टॉफ या दोन भावांत घोटाळा करू शकते. शिवाय नमुना आधी निर्जीव केला नाही तर यंत्रासमोर बसलेल्या माणसालाच धोका.

कल्चरची दुसरी मर्यादा आपल्याकडे फार महत्त्वाची आहे. अँटिबायोटिकची मात्रा पोटात गेली की दिवसभरात फोडातून जंतू वाढेनासे होतात, खपली मात्र आपल्या गतीने काळी होतच राहते. रुग्ण आमच्यापर्यंत पोचेतो त्याने बहुधा मेडिकल दुकानातून काहीतरी घेतलेले असते. म्हणून या पुस्तकाचा आग्रह साधा आहे: आधी स्वॅब, मग लगेच औषध. रिपोर्टसाठी औषध थांबवायचे नाही, कारण वेळेवर औषध मिळाले तर कातडीचा अँथ्रॅक्स सहसा मारत नाही, आणि न मिळाल्यास दहा ते वीस टक्के रुग्ण दगावू शकतात. न फुटलेल्या फोडातले पाणी किंवा खपलीच्या कडेखालचा ओलावा दोन स्वॅबवर घ्यायला पाच मिनिटे पुरतात. एक कल्चरसाठी, एक पीसीआरसाठी. खपली कापून काढायची नाही.

औषध सुरू झालेल्या रुग्णातही खुणा शोधता येतात, हे तिसऱ्या पक्षाचे बळ. त्याची सुरुवात 1911 मध्ये इटलीच्या आस्कोलींनी केली. कुजलेल्या मांसात, वाळल्या कातड्यातही रोगाचा अंश दाखवणारी त्यांची चाचणी साधी होती, पण फार नेमकी नव्हती. आज पीसीआर त्या जागी आहे. जंतूचे विष बनवणारी जनुके पीएक्सओ 1 या प्लाझ्मिडवर आणि कवच बनवणारी पीएक्सओ 2 वर असतात. दोन्ही सापडली तरच तो पूर्ण घातक जंतू. मॅक्स स्टर्न यांनी 1937 मध्ये दक्षिण आफ्रिकेत कवच हरवलेला जंतू घेऊन लस बनवली, आणि औंधच्या पशुजैव पदार्थ निर्मिती संस्थेत तयार होणारी बीजाणूंची लस त्याच परंपरेतली. लस टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेलेल्या पर्यवेक्षकाच्या जखमेत समजा पीएक्सओ 1 सापडले आणि 2 सापडले नाही, तर ते लशीतल्या जंतूचे लक्षण आहे आणि घबराटीचे कारण नाही. उलटही घडते: अमेरिकेत काही बॅसिलस सीरियस जंतूंत अँथ्रॅक्ससारखे प्लाझ्मिड सापडले आणि त्यांनी माणसांना गंभीर न्यूमोनिया दिला. त्यामुळे एकाच जनुकावर शिक्कामोर्तब करू नये.

रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी मागाहून उपयोगी पडते. आजाराच्या सुरुवातीचा आणि तीन-चार आठवड्यांनंतरचा असे दोन नमुने लागतात. आज खाटेवर असलेल्या रुग्णाला तिचा उपयोग थोडा, पण गावात आणखी किती जणांना लागण होऊन गेली हे तिच्यावरून कळते.

हे सगळे आताच का? कोविडच्या काळात पीसीआर यंत्रे जिल्ह्या-जिल्ह्यांत पोचली आणि ती चालवणारी माणसे तयार झाली. औंधला पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे, ससूनजवळ बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आहे, शेवटचा शब्द देणारे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र दिल्लीत आहे. 2009 च्या कायद्याने जनावरांतला अँथ्रॅक्स कळवणे बंधनकारक आहे. म्हणजे साधने आहेत, कायदाही आहे. कमी पडतो तो आण्यापासून पुण्यापर्यंतचा शंभराहून अधिक किलोमीटरचा दुवा: नमुना कुणी घ्यायचा, कशात घालायचा, कुणाच्या गाडीने पाठवायचा, आणि उत्तर कुणाला कळवायचे.

लेखकांनी पुस्तक या दुव्याभोवती रचले आहे. ते गोठ्यात सुरू होते, रुग्णाच्या फोडावर रेंगाळते आणि मगच प्रयोगशाळेत शिरते. उपचारांवर ते थोडक्यात बोलते, कारण त्यासाठी इतर पुस्तके आहेत. छोट्या लॅबने काय करू नये हे ते ठामपणे सांगते: शंका असेल तर कल्चर उघड्या टेबलावर हाताळायचे नाही, काहीही उडेल असे काम सुरक्षा कपाटाबाहेर करायचे नाही, वाढलेला जंतू पुढे ओळखत बसायचे नाही, तिहेरी वेष्टनात घालून वरच्या लॅबकडे द्यायचे. काही वाचकांना हा सल्ला आपल्या कुवतीवरचा अविश्वास वाटेल. मला तो योग्य वाटतो. स्मिअर रंगवून शंका घेणे हे तालुक्याचे काम आहे, आणि ते सर्वांत मोलाचे काम आहे. एका बाबतीत मी लेखकांपेक्षा थोडा पुढे जाईन. कवचाचा रंग प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबमध्ये असावा आणि टेक्निशियनने वर्षातून एकदा तो औंधच्या तयार स्लाइडवर करून पाहावा, असा नियमच हवा.

पुस्तकाच्या शेवटी नमुन्याबरोबर पाठवायच्या अर्जाचा मसुदा दिला आहे. त्यात रुग्णाच्या माहितीखाली जनावराची माहिती विचारली आहे, आणि तळाशी सूचना छापली आहे की रिपोर्टची एक प्रत त्याच दिवशी त्या भागातल्या पशुधन विकास अधिकाऱ्याकडे जावी. म्हणजे उरलेल्या कळपाला पुढच्या पावसाआधी लस टोचता येते. लस जिवंत बीजाणूंची असल्याने ज्या जनावरांना त्या दिवसांत अँटिबायोटिक दिले आहे त्यांना ती लगेच टोचायची नाही, हेही तिथेच लिहिले आहे.